परतीची मोजणी

बोनेट उघडून मी आधी मोजदाद केली. वायरी एक्केचाळीस. त्यांतल्या सदतीस मूळच्या, कापडी वेष्टणाच्या. तीन नंतर कुणीतरी बदललेल्या, प्लास्टिकच्या. आणि एक डॅशबोर्डच्या मागून निघून कुठेच न जाणारी, टोकाला काळा दोन पिनांचा सॉकेट लोंबणारी. फ्यूज दोन. दिवे, डॅशबोर्डवरचे धरून, अकरा. शिवाय दरवाजांच्या खांबात दडून बसलेले आणि वळताना पिवळ्या जिभेसारखे बाहेर येणारे दिशादर्शक हात दोन, त्यांतला डावा अडकलेला.

"मोजून झालं असेल तर चहा घे," आबा म्हणाले. "का अजून नटबोल्ट राहिलेत?"

दत्ताजीराव सरनोबत. कोल्हापुरात आमच्या पेठेत सगळे त्यांना आबाच म्हणत. भूमापन खात्यात अठ्ठावीस वर्षं मोजणीदार होते. निवृत्त होऊनही वीस वर्षं झाली होती. त्रेपन्न सालची मॉरिस मायनर त्यांनी एका बदली होऊन जाणाऱ्या साहेबांकडून घेतली होती. तिचा रंग मूळचा कोणता यावरून घरात दोन मतं होती.

माझ्या बाबांचं उद्यमनगरात ऑटो इलेक्ट्रिकचं दुकान. त्या वर्षी त्यांच्या पाठीचं ऑपरेशन झालं होतं. मी इलेक्ट्रॉनिक्समध्ये एम.एस्सी. करून पीएच.डी.च्या मुलाखतीची वाट बघत घरीच होते, म्हणून हे काम माझ्याकडे आलं. याला आता चौदा वर्षं झाली.

चहा घेऊन काकी, म्हणजे आबांच्या पत्नी, शेडच्या दाराशी उभ्या होत्या. मागे त्यांचा मुलगा रणजितदादा. तो एका कारखान्यात शिफ्ट इंजिनिअर होता आणि जे बोलायचं ते उभ्याउभ्या बोलून जायची त्याला सवय होती.

"शर्वरी, तुला सांगितलंय का यांनी, कशासाठी बोलावलंय?"

"बॅटरी उतरते म्हणाले."

"तीनदा उतरली. दोन महिन्यांत तीनदा. एका रात्रीत पार ठार. पहिल्यांदा झालं तेव्हा बॅटरी नवी घातली. तरी पुन्हा तेच. मी म्हणतो, रात्री दिवे चालू राहतात. आबा म्हणतात, वायरिंग सडलंय."

"सडलंयच," आबा म्हणाले.

"आबा म्हणतात, सकाळी बघितलं तर सगळी बटणं बंद होती. आता सकाळी गाडी उघडतात कोण? तेच!"

"म्हणजे मी बटण बंद करतो आणि मग तुला खोटं सांगतो?"

"खोटं नाही हो. हात आपोआप जातो, लक्षात राहत नाही, असं म्हणतोय मी."

काकींनी कप माझ्या हातात दिला. "गप बसा दोघं. पोरीला गरम चहा तर पिऊ द्या."

रणजितदादाने मला बाजूला, पेरूच्या झाडाखाली नेलं. आवाज खाली आणून म्हणाला, "गाडीचं काही नाही गं. उभी राहिली तर राहिली. पण अठ्ठ्याहत्तर वय. रविवारी आईला शेजारी बसवून जोतिबाचा घाट चढतात. दिव्याचं बटण विसरतात तर उद्या आणखी काय विसरतील? वायरिंगमध्ये दोष निघाला तर मी एक अक्षर बोलणार नाही. नाही निघाला तर किल्ली माझ्याकडे. तसं ठरलंय आमचं. त्यांनीच कबूल केलंय."

"आबांनी?"

"हो. म्हणाले, शर्वरी मोजेल तो आकडा मान्य."

मला ते ऐकून बरं वाटलं नाही. कोणी आपल्या आकड्यावर एवढं वजन ठेवलं की हात जड होतो.

तपासणी तशी सोपी होती. गाडीतलं सगळं बंद करायचं, बॅटरीची एक तार सोडवायची आणि मध्ये मीटर जोडायचा. वायरिंग कुठे गळत असेल, तर सगळं बंद असूनही थोडा प्रवाह वाहताना दिसतो. मी तिघांना विचारलं, "गाडीत कायम चालू राहतं असं काही आहे का? घड्याळ, रेडिओ, चोरघंटा?"

"काही नाही," आबा म्हणाले.

"रेडिओ कधी नव्हताच," रणजितदादा म्हणाला.

काकींनी मान हलवली.

बटणं मी स्वतः एकेक तपासली. दरवाजे लावले. मीटर जोडला. शून्य. वायरी हलवून पाहिल्या, डॅशबोर्डखाली हात घालून गुच्छ दाबला, ओल असेल म्हणून कापडी वेष्टणावर पाणी शिंपडून अर्धा तास थांबले. मीटर शून्यावरून हलला नाही.

आबा माझ्या खांद्यावरून बघत होते. "किती?"

"शून्य, आबा."

"तुझा मीटर बरा आहे ना?"

मी त्यांच्यासमोर एक बल्ब जोडून मीटर दाखवला. त्यांनी मान डोलावली. मग शेडच्या खांबाला टेकून, जणू दुसऱ्याच कुणाबद्दल बोलतोय अशा आवाजात म्हणाले, "म्हणजे वायर गळत नाही."

"गळत नाही. पण वायरिंग बदलावंच लागेल. आतलं रबर बघा." मी एक वायर वाकवली. रबराचा बिस्किटासारखा भुगा झाला. "आज नाही तर उद्या कुठेतरी जळेल."

"बदल मग," रणजितदादा म्हणाला. "गाडी कुणीही चालवो, जळायला नको." आणि त्याने आबांपुढे हात केला. आबांनी कोटाच्या खिशातून किल्ली काढून त्याच्या तळव्यावर ठेवली. दोघांनीही एकमेकांकडे पाहिलं नाही.

काम आठवडाभर चाललं. या गाडीत बॅटरीचं धन टोक बॉडीला जोडलेलं असतं, आजच्या गाड्यांच्या बरोबर उलट, त्यामुळे प्रत्येक जोड लावताना मी मनात एकदा थांबत होते. जुनी वायर काढायची, तिच्या लांबीची नवी कापायची, रंगाचा मेळ घालायचा, दोन्ही टोकांना चिकटपट्टी लावून आकडा लिहायचा, मगच पुढची. त्या कुठेच न जाणाऱ्या वायरीचं काय करावं हा प्रश्न होता. गाडीच्या वायरिंगच्या छापील आराखड्यात ती नव्हती. पण जे होतं तसं परत करायचं असं मी ठरवलं होतं, म्हणून तिच्याही जागी नवी वायर ओढली आणि सॉकेट तसाच टोकाला बसवला.

आबा रोज येऊन खुर्ची टाकून बसत. तिसऱ्या दिवशी, माझ्या होऊ घातलेल्या पीएच.डी.वरून चिडवत म्हणाले, "डॉक्टरीणबाई, एकाच बाजूनं मोजतेस का?"

"म्हणजे?"

"वायरीची लांबी. पुढून मागं मोजलीस. मागून पुढं?"

"लांबी तीच येणार ना, आबा."

"आली पाहिजे," ते म्हणाले. "आम्ही मोजणीची साखळी टाकत जायचो, बांधाच्या या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत. मग परत येताना पुन्हा टाकायची. माझ्या हाताखालची पोरं कुरकुरायची, साहेब, ऊन झालं. पण एकदा मोजलेलं मी कधी नकाशावर चढवलं नाही. जाताना माणसाला जमीन आपल्या बाजूची वाटते. येताना खरी कळते."

"ह्यांच्याशी लग्न झालं तेव्हा ह्यांनी मंडपसुद्धा दोन्हीकडून मोजला होता," काकी आतून म्हणाल्या.

"आणि चार फूट कमी भरला होता! मंडपवाल्याला विचार."

नवं वायरिंग झालं. अडकलेला डावा दिशादर्शक हातही सुटून बाहेर यायला लागला. आबांनी तो सहा वेळा वर-खाली करून बघितला. काकींनी बोनेटवर स्वस्तिक काढलं, नारळ वाढवला. मी मीटर लावून पुन्हा तपासलं. शून्य. नंतरच्या रविवारी रणजितदादाने स्वतः गाडी चालवून दोघांना जोतिबाला नेऊन आणलं, आणि मग सगळं घर निपाणीला काकींच्या भाचीच्या लग्नाला गेलं.

नऊ दिवसांनी रणजितदादाचा फोन आला. "शर्वरी, येऊन जा. बॅटरी ठार आहे."

"चालवली कुणी?"

"मीच ठेवली होती शेवटची. लग्नाला जायच्या आधी. किल्ली माझ्याकडे, शेडला कुलूप." मग थोडं थांबून, "बटण मी बंद केलं होतं. मला पक्कं आठवतंय."

मी गेले तेव्हा आबा शेडमध्ये खुर्चीवर बसले होते आणि चेहऱ्यावर हसू आणू नये एवढा प्रयत्न करत होते. "विचार त्याला," मला म्हणाले. "हात आपोआप जातो म्हणावं. लक्षात राहत नाही."

"आबा, पुरे," रणजितदादा म्हणाला.

बॅटरी दुकानातून आणलेल्या दुसऱ्या बॅटरीने बदलली आणि मीटर मध्ये जोडला. पाव अँपिअर. मी दोनदा वाचलं. पंधरवड्यापूर्वी मीच घातलेल्या वायरीत, सगळं बंद असताना, पाव अँपिअर. डॅशबोर्डखाली डोकं घालायला म्हणून मी दार उघडलं आणि समोर, काचेच्या खाली, जोतिबाची वीतभर पितळी मूर्ती दिसली. तिच्या मागे लहानसा लाल दिवा जळत होता.

"हे कधी आलं?"

"आलं कुठलं?" काकी म्हणाल्या. "गाडी घेतली तेव्हापासूनचं आहे. तू काम करणार, पायात चपला, तेलकट हात, म्हणून मी देवाला आधीच घरात नेऊन ठेवलं होतं. काम झालं, नारळ झाला, मग परत बसवलं."

"आणि दिवा?"

"देवाचा आहे तो."

"रात्रीपण चालू असतो?"

काकींनी माझ्याकडे असं बघितलं की, एवढी शिकलेली मुलगी आणि हे काय विचारते. "देवाचा दिवा रात्री घालवतात होय?"

"काकी, मी विचारलं होतं ना, गाडीत कायम काय चालू असतं?"

"गाडीचं विचारलं होतंस."

मूर्तीखालून निघालेली वायर त्या काळ्या सॉकेटात खोचलेली होती. रणजितदादा आधी माझ्याकडे, मग मूर्तीकडे, मग आईकडे बघत राहिला. चाळीस वर्षं रोज तो दिवा त्याने बघितला होता. शिफ्ट इंजिनिअर माणूस. कारखान्यात एक पंखा फुकट फिरला तर आरडाओरडा करणारा.

मी त्याला हिशेब सांगितला. गाडी रोज फिरत होती तोवर डायनॅमो दिव्याने खाल्लेलं दिवसा भरून काढत होता. आता ती रविवारची एकदा निघते, आणि लग्नामुळे तर नऊ दिवस उभी. तेवढ्यात हा एवढासा दिवा पूर्ण बॅटरी पिऊन टाकतो.

"म्हणजे आबांनी काही केलंच नव्हतं," तो म्हणाला.

"दिव्यानं केलं," काकी म्हणाल्या आणि लगेच कानाला हात लावला. "म्हणजे, दिव्यानं नव्हे..."

सगळे हसले. रणजितदादाने खिशातून किल्ली काढली, आबांच्या हातात ठेवली, आणि मोठ्या माणसाला जमत नाही तशा घाईने वाकून त्यांच्या पायाला हात लावला. "चुकलं माझं. बोललो फार." मग कंदी पेढे आणायला म्हणून तो मोटारसायकल काढून निघून गेला. काकी आत गेल्या.

आबा किल्ली हातात घेऊन तसेच बसले होते.

"डॉक्टरीणबाई."

"काय आबा?"

"पूर्ण भरलेली बॅटरी हा दिवा किती दिवसांत उतरवतो?"

"सात दिवस धरा. फार तर सव्वासात."

"सात." त्यांनी किल्ली गुडघ्यावर ठेवली. "त्या तीन वेळा मी रविवारी घाट चढून आलो होतो. दोन तास इंजिन चाललेलं, बॅटरी भरलेली. आणि सोमवारी सकाळी ठार. नंतरच्या दोन वेळा तर बॅटरी नवी कोरी. हिशेब जुळतो का?"

मला तो हिशेब दिवा दिसला त्याच क्षणी जुळला नव्हता.

"जुळत नाही," मी म्हटलं.

"हं."

"पण आबा, जुनं वायरिंग होतं. कधी गळत असेल, कधी नसेल. मी मोजलं तेव्हा नसेल गळत."

"असेल की." ते थोडं हसले. "सर्व्हेत वाद लागला की लोक हेच म्हणायचे. साहेब, तेव्हा दगड हितं होता, आता हलला असेल." मग म्हणाले, "परत मोजायचं."

"आता कशाला?"

"आता वायरिंग नवं आहे. देवाचा दिवा काढू. बॅटरी भरलेली. मध्ये दुसरं काही राहिलंच नाही. फक्त मी."

काकी पाण्याचा तांब्या घेऊन आल्या होत्या. त्यांनी शेवटचं ऐकलं होतं. "पोरानं पाया पडून किल्ली दिली ना तुम्हाला? मग कशाला उकरून काढताय?"

"एका बाजूची मोजणी आहे ती, इंदू."

"अख्ख्या कोल्हापूरच्या जमिनी मोजल्या, आता स्वतःला मोजायला निघालेत." त्यांनी तांब्या आदळला. पण थोड्या वेळाने मूर्ती उचलून त्या स्वतःच घरात घेऊन गेल्या. जाताना म्हणाल्या, "देवाला मी समईवर ठेवते. उद्या सकाळी परत जागेवर. ऐकू आलं का?"

त्यांची बॅटरी दिवसभर दुकानात चार्जरवर ठेवून संध्याकाळी मी ती घेऊन आले. आबांनी कोट घातला होता, केस विंचरले होते. मला शेजारी बसवलं आणि गाडी रंकाळ्याच्या बाजूने बाहेर काढली. गाडी ते सुरेख चालवत. क्लच सुटलेला कळायचा नाही. रस्त्याला लागून आता बंगले झाले होते. त्यांच्याकडे बोट न दाखवता ते बोलत होते. "हा घोरपड्यांचा तुकडा. पूर्वेला नाला, पश्चिमेला हद्दीचा दगड, अर्धा पुरलेला. भावाभावांत तीन हातांवरून भांडण. हे पुढचं एक एकर अठरा गुंठे, मोजायला तीन दिवस लागले, वळू मागं लागायचा." एकदाही अडखळले नाहीत. परतताना अंधारून आलं तसं त्यांनी डॅशबोर्डवरचं बटण एक टप्पा ओढून छोटे दिवे लावले.

शेडच्या तोंडाशी गाडी थांबवून म्हणाले, "तू इथं उतर."

"आत लावेपर्यंत थांबते की."

"तू बघितलंस की माझा हात तुझ्याकडे बघून बटणाकडे जाईल. मग ती तुझी मोजणी. जा घरी. आणि उद्याच्या आकड्याचा अर्थ आत्ताच सांगून ठेव. नंतर सांगितलेला अर्थ मी धरत नाही."

मी सांगितलं. बॅटरी भरलेली आहे. सगळं बंद राहिलं तर सकाळी साडेबारा व्होल्ट किंवा त्याहून जास्त. अकराच्या खाली आला तर काहीतरी रात्रभर चालू होतं.

"आणि मधला?"

"मधला येणार नाही, आबा."

"छान," ते म्हणाले. "मधला आला की कोर्टात वीस वर्षं जातात."

सकाळी मी गेले तेव्हा ते शेडच्या कुलपाशी उभेच होते. काकी पायरीवर चहाची किटली घेऊन, चहा न ओतता. रणजितदादाला या मोजणीचं काही सांगितलं नव्हतं. तो पहिल्या पाळीला गेला होता.

"झोप लागली का, आबा?"

"लागली. चांगली लागली. बटण दोनदा बघितलं मी. दोनदा." त्यांनी कुलूप काढलं.

शेडचं तोंड पूर्वेला. दार उघडताच ऊन सरळ गाडीच्या पाठीवर पडलं आणि मागच्या दोन्ही लाल काचा चमकल्या. त्या उन्हानं चमकल्या की आणखी कशानं, हे तिथून सांगता येत नव्हतं. मी खिडकीकडे वळले तसा आबांनी माझा दंड धरला.

"आत बघायचं नाही. आधी माप."

त्यांनी स्वतः बोनेट उचलून काठी लावली. मीटरच्या दोन्ही सळ्या माझ्याकडून मागून घेतल्या. लाल कुठे लावायची ते मी सांगायच्या आधीच त्यांनी बरोबर जागी टेकवली. हात अजिबात हलत नव्हता. मीटर माझ्या तळव्यावर होता.

"मोठ्यानं वाच," ते म्हणाले. "काकीला ऐकू जाऊ दे."

आकडा स्थिर होईपर्यंत मी थांबले. मग सळ्या उलट बाजूने, आधी काळी मग लाल, पुन्हा टेकवायला सांगितलं. त्यांनी टेकवल्या. दोन्ही वेळा आकडा तोच आला.

"दहा पूर्णांक सहा," मी वाचलं.